आधी क्षयाची चौकशी, मग बायोलॉजिक

ऑक्टोबर २००१मध्ये बोस्टनचे डॉ. जोसेफ कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे सगळे इन्फ्लिक्सिमॅब नावाचं, त्या वेळी नवंकोरं असलेलं बायोलॉजिक औषध घेत होते. बहुतेकांना आमवात होता, काहींना आतड्याचा क्रोन्स आजार. औषध सुरू केल्यावर या सत्तरही जणांना क्षयरोग झाला, आणि तोही सावकाश नव्हे. पहिल्या डोसापासून क्षय उघड होईपर्यंतचा मध्यक काळ १२ आठवड्यांचा होता. ४८ जणांचे तर तीन किंवा त्याहून कमीच डोस झाले होते. ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेर होता, त्यातल्या १७ जणांच्या शरीरभर तो पसरला होता.

मला त्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा मात्र वेगळा आहे. ७०पैकी ६४ रुग्ण क्षयाचं प्रमाण कमी असलेल्या देशांतले होते. जिथे नव्या पिढीच्या डॉक्टरांना क्षय क्वचितच बघायला मिळतो, तिथे हे घडलं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा संसर्ग आढळला. यातल्या बहुतेकांना आजार नसतो, खोकला नसतो, ताप नसतो. जंतू आत दबून राहिलेला असतो. म्हणून बायोलॉजिक कधी टाळायचं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे क्षयापासूनच सुरू करावं लागतं. पाश्चात्त्य माहितीपत्रकात ते अनेक कलमांपैकी एक असतं. इथे निम्मं उत्तर तेच आहे.

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेलं प्रथिन. गोळी करून दिलं तर ते पोटात पचून जाईल, म्हणून शिरेतून सलाइनबरोबर किंवा कातडीखाली टोचून देतात. ते प्रतिकारशक्तीच्या साखळीतला एखादाच रेणू नेमका धरतं. टीएनएफ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध रेणू. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवून दिलं की, आमवाताने सुजलेल्या सांध्यात दाह पेटवणाऱ्या इतर रेणूंना हा टीएनएफ चालना देतो. त्याला अडवलं तर बाकीचेही थंडावतात. १९९२मध्ये त्यांनी आमवाताच्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिलं आणि वर्षानुवर्षं जखडलेली माणसं काही दिवसांत हालचाल करू लागली. १९९८मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट या टीएनएफविरोधी औषधांना मान्यता मिळाली, २००२च्या अखेरीस अडॅलिमुमॅबला. डिसेंबर २०१४मध्ये झायडस कॅडिलाने अडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध, भारतात आणलं. किंमत खाली आली आणि जे औषध पूर्वी मोजक्या घरांना परवडायचं, ते आता कितीतरी अधिक घरांच्या फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंश तापमानात, अंड्यांच्या शेजारी ठेवलेलं सापडतं. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण औषध जितक्या वेगाने पोचलं तितक्याच वेगाने ते देण्याआधीची चौकशीही पोचायला हवी, आणि तिथे मला काळजी वाटते.

अडचण अशी की टीएनएफ नुसता उपद्व्यापी रेणू नाही. क्षयाचा जंतू फुफ्फुसात शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्याला कोंडून टाकतात. या कोंडाळ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. कोकणातल्या गडग्यासारखी ही रचना असते. चुना-सिमेंट नसलेला तो दगडी बांध दरवर्षी डागडुजी केली तरच उभा राहतो. ग्रॅन्युलोमाची ही रोजची डागडुजी टीएनएफच्या हुकमाने चालते. टीएनएफ अडवला की पेशी विखुरतात आणि वीस-तीस वर्षं आत दबून असलेला जंतू मोकळा होतो. क्षय फुफ्फुसाबाहेर आणि अंगभर पसरण्याचं प्रमाण एवढं मोठं का होतं, हेही यातूनच कळतं.

सगळी टीएनएफविरोधी औषधं या बाबतीत सारखी नाहीत. ब्रिटनमधल्या आमवाताच्या रुग्णांच्या नोंदवहीतून २०१०मध्ये जे आकडे आले, त्यांत दर लाख रुग्णवर्षांमागे क्षयाचं प्रमाण अडॅलिमुमॅबवर १४४, इन्फ्लिक्सिमॅबवर १३६ आणि इटॅनरसेप्टवर ३९ होतं. त्यामुळे क्षयाची धास्ती असलेल्या रुग्णाला टीएनएफविरोधी औषध द्यायचंच झालं, तर पुष्कळ डॉक्टर इटॅनरसेप्टकडे वळतात. पण ते क्रोन्स आजारावर लागू पडत नाही, तेव्हा ही पळवाट सगळ्यांना खुली नाही.

चौकशी करायची म्हणजे काय करायचं? छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी, आणि या सगळ्यांच्या आधी नीट विचारपूस. ही विचारपूस सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उरकली जाणारी. पाठीच्या मणक्याचा अँकिलॉसिंग स्पाँडिलायटिस झालेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आईबरोबर ओपीडीत बसलाय, असं समजा. “घरात कुणाला टीबी झाला होता का?” असं विचारलं की उत्तर येतं, “नाही हो डॉक्टर, आमच्याकडे कुणालाच नाही.” इथे थांबलं की संपलं. जाणता डॉक्टर तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने विचारतो. कुणाच्या छातीत पाणी झालं होतं का? मानेला गाठी आल्या होत्या का? लघवी लाल करणाऱ्या गोळ्या कुणी सहा महिने घेतल्या होत्या का? मग आई म्हणते, “याच्या काकांना झालं होतं की पाणी. याच्या लहानपणी आम्ही एकत्रच राहायचो. पण तो काही टीबी नव्हता.” आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत पाणी होण्याचं एक अगदी नेहमीचं कारण क्षय हेच असतं, आणि लघवी लाल करणारी गोळी म्हणजे बहुधा क्षयावरची रिफॅम्पिसिन. घरातली माणसं खोटं बोलत नसतात. टीबी हा शब्दच घरात उच्चारायचा नाही, अशा काळात तो आजार होऊन गेलेला असतो.

मांटू चाचणीत हाताच्या पुढच्या बाजूला, कातडीच्या आतल्या थरात ०.१ मिलिलिटर द्रव टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी पाहतात. मोजायचा असतो तो लालपणा नव्हे, कडकपणा. बोट फिरवून किंवा बॉलपेन बाहेरून आत सरकवत नेऊन, ते जिथे अडतं तिथे खूण करून, पट्टीने मिलिमीटर मोजतात. एरवी १० मिलिमीटर ही सीमा धरतात. बायोलॉजिक घेणार असलेल्या माणसाला ५ मिलिमीटरही पुरेसे मानतात. बीसीजी लशीमुळे मांटू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रावर त्या लशीचा परिणाम होत नाही. उलट, रुग्ण आधीच स्टेरॉइड घेत असेल तर दोन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. सांधेदुखीवर कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून त्या घेतल्या असतील तर संकोच न करता सांगावं. शक्य असेल तर चाचण्या स्टेरॉइड सुरू करण्याआधीच उरकून घ्याव्यात.

आता खरा निर्णय. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, एक्स-रेवर डाग अशी सक्रिय क्षयाची चिन्हं असतील, तर टीएनएफविरोधी औषध द्यायचं नाही. आधी क्षयाचे उपचार. सांध्यांचं किंवा आतड्यांचं तोवर दुसऱ्या मार्गाने बघायचं. नुसताच दबलेला संसर्ग असेल, तर प्रतिबंधक उपचार सुरू करायचे. रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांचे आठवड्यातून एकदा असे बारा डोस. त्याचा किमान एक महिना पार पडला की बायोलॉजिक सुरू करता येतं. स्पेनने २००२मध्ये अशी चौकशी सक्तीने सुचवली, तेव्हा तिथल्या रुग्णांत क्षयाचं प्रमाण झपाट्याने घसरलं. पुढच्या पाहणीत, जिथे या सूचना पुऱ्या पाळल्या नव्हत्या तिथे क्षयाची शक्यता सातपट आढळली.

स्पेनचं यश आपल्याला जसंच्या तसं मिळत नाही, हेही मान्य करायला हवं. तिथे धोका प्रामुख्याने जुन्या संसर्गाचा. इथे चाचणी निगेटिव्ह आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी गच्च भरलेल्या लोकलमध्ये नवा संसर्ग घेऊ शकतो. शिवाय २०१४ ते २०१६च्या राष्ट्रीय पाहणीत आधी कधीच उपचार न घेतलेल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नव्हतं. मुंबईत तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा प्रश्न फारच बिकट आहे. म्हणजे प्रतिबंधक गोळ्या पूर्ण केल्या, आता निर्धास्त, असं इथे म्हणता येत नाही. औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांहून जास्त खोकला, उगाच येणारा ताप किंवा घटणारं वजन दिसलं, तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी डॉक्टरांना गाठायचं. आणि क्षय हा फुफ्फुसाचाच असतो, हे डोक्यातून काढून टाकायचं. पोट फुगणं, मानेची गाठ, न थांबणारी डोकेदुखी, ही त्याचीच रूपं असू शकतात.

क्षयाइतकीच चोरपावलांनी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे कावीळ ब. होऊन गेलेली, विसरून गेलेली कावीळ ब यकृताच्या पेशींत लपून राहते आणि प्रतिकारशक्ती दबली की उसळते. सर्वांत जास्त धोका रिटुक्सिमॅब या बायोलॉजिकचा, पण टीएनएफविरोधी औषधांनीही ती जागी होते. इथे एक नेहमीची चूक सांगायलाच हवी. बऱ्याच ठिकाणी फक्त एचबीएसएजी हा विषाणूचा अंश तपासतात आणि तो निगेटिव्ह आला की पुढे जातात. जुना, आटोक्यात आलेला संसर्ग ओळखायचा तर अँटी-एचबीसी ही प्रतिपिंडाची चाचणीही करावी लागते. पॉझिटिव्ह आली म्हणून औषध कायमचं बंद होत नाही. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरच्या संरक्षणाखाली ते बहुधा देता येतं.

हृदयाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. हृदय थकलेल्या रुग्णांच्या रक्तात टीएनएफ वाढलेला आढळतो, तेव्हा तो अडवला तर हृदय सुधारेल, असा सरळ तर्क होता. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटॅच’ नावाच्या चाचणीत मध्यम ते तीव्र हार्ट फेल्युअर असलेल्या १५० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. जास्त डोस, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम मिळालेल्या गटात मृत्यू आणि हृदयासाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण उलट वाढलं. तेव्हापासून, थोडं चाललं तरी ज्यांना धाप लागते किंवा बसल्याजागीही लागते, अशा रुग्णांना ही औषधं टाळतात. मज्जातंतूंच्या बाबतीत हाच अनुभव त्याच्याही आधी आला होता. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १६८ रुग्णांवर लेनरसेप्ट हे टीएनएफविरोधी औषध वापरून पाहिलं. १९९९मध्ये निष्कर्ष आले तेव्हा आजाराचे झटके कमी होण्याऐवजी वाढले होते. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना, किंवा डोळ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन नजर गेली होती अशांना, टीएनएफविरोधी औषध देत नाहीत. आमवाताच्या डॉक्टरांना डोळ्यांचं कशाला सांगायचं, असं रुग्णाला वाटतं. सांगावं.

या उदाहरणांतून दिसतं की ‘बायोलॉजिक टाळा’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठलं बायोलॉजिक, कुणाला, हे त्यात यायला हवं. सेक्युकिनुमॅब हे औषध आयएल-१७ नावाचा रेणू अडवतं आणि सोरायसिस नि मणक्याच्या आजारात फार चांगलं काम करतं. क्रोन्स आजारावर तपासलं, तेव्हा त्याचा उपयोग तर झाला नाहीच, त्रासही जास्त झाला. तेव्हा पाठ आखडलेल्या रुग्णाला वारंवार जुलाब होत असतील, शौचातून रक्त पडत असेल, तर आयएल-१७ची औषधं बाजूला ठेवून आधी आतडं तपासतात. तिथे अडॅलिमुमॅब दोन्ही आजारांना उपयोगी पडतं. आमवातासाठीचं टोसिलिझुमॅब आतड्याच्या भिंतीवर फुगे येऊन ते सुजण्याचा त्रास झालेल्यांनी टाळावं, कारण आतडं फाटण्याचा धोका असतो. याच औषधाची आणखी एक खोड आहे. ते आयएल-६ या रेणूचं काम रोखतं आणि यकृताला सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवायला सांगणारा रेणू हाच. त्यामुळे आत न्यूमोनिया धुमसत असला, तरी ताप नाममात्र आणि सीआरपीचा रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांनी हे नीट लक्षात ठेवायला हवं. या औषधावर असलेल्या माणसाचा नॉर्मल सीआरपी भरवशाचा नसतो, तो गळून गेला आहे, खात नाही, धापा टाकतोय, यालाच लक्षण मानायचं.

बाकीची कारणं तात्पुरती असतात. अँटिबायोटिक चालू असेल इतपत कोणताही संसर्ग असताना पुढचा डोस लांबवायचा. क्रोन्सच्या रुग्णाला गुदद्वाराशी पू साठला असेल, तर आधी सर्जनने तो काढायचा, मग इन्फ्लिक्सिमॅब. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया दोन डोसांमधल्या अंतराच्या शेवटी ठेवायची. दोन बायोलॉजिकं एकत्र द्यायची नाहीत. इटॅनरसेप्टबरोबर अ‍ॅनाकिन्रा देऊन पाहिलं, तेव्हा गुण वाढला नाही, गंभीर संसर्ग मात्र वाढले. नुकताच कर्करोग झालेल्या, विशेषतः लिम्फोमा किंवा मेलॅनोमा झालेल्या रुग्णाचा निर्णय कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

एवढं सगळं वाचून कुणी घाबरून औषधच नको म्हणेल, याची मला तितकीच धास्ती आहे. बायोलॉजिक टाळलं म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, ही मोठी गफलत आहे. टाळल्यावर आमवात थांबत नाही. हाडं झिजत राहतात, बोटं वाकडी होतात ती पुन्हा सरळ होत नाहीत. आणि बायोलॉजिकच्या जागी बहुतेक वेळा येतं ते रोजचं प्रेडनिसोलोन. त्यानेही संसर्ग वाढतात, क्षयही उसळतो, वर मधुमेह, मोतीबिंदू आणि ठिसूळ हाडं. स्वस्त आणि जुनं म्हणून ते कुणाला भीतिदायक वाटत नाही, एवढाच फरक. वर सांगितलेल्या कारणांत ‘कधीच नाही’ असं फार थोडं आहे. पुष्कळदा उत्तर असतं ‘आज नाही, महिन्याने’ किंवा ‘हे नाही, ते’. क्षयाचे उपचार पुरे केलेल्या रुग्णालाही पुढे बायोलॉजिक देता येतं.

एक प्रसंग मात्र असा आहे, की तिथे धोका औषध घेणाऱ्याला नसून दुसऱ्याच जिवाला असतो, आणि आपल्या व्यवस्थेत तो सहज नजरेतून सुटतो. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडॅलिमुमॅब गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर कित्येक महिने त्याच्या रक्तात राहतात. २०१०मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशा एका बाळाची नोंद केली. आईला क्रोन्स आजार होता आणि गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं. बाळ तीन महिन्यांचं असताना त्याला बीसीजी दिली. लशीतला जिवंत जंतू अंगभर पसरला आणि साडेचार महिन्यांचं असताना ते गेलं. आपल्याकडे बीसीजी तीन महिन्यांनी नव्हे, जन्मल्याबरोबर देतात, पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या शून्य डोसाबरोबर. त्या दोन्ही जिवंत लशी. प्रसूतिगृहातली नर्स तिचं काम चोख करत असते. तिला आईच्या संधिवाताच्या फाइलमधलं काही ठाऊक नसतं.

याचा अर्थ गरोदर बाईने औषध सोडून द्यावं, असा नाही. आजार उसळला तर त्याचाही बाळाला धोका असतो, आणि सर्टोलिझुमॅब हे टीएनएफविरोधी औषध वारेतून जवळजवळ जातच नाही, तेव्हा आधीपासून ठरवलं तर बदल करता येतो. बीसीजी लांबवणंही फुकटचं नाही, कारण तान्ह्या बाळाला क्षयाच्या मेंदूज्वरापासून तीच वाचवते. घरात खोकणारं कुणी असेल, तर त्याची तपासणी बाळ घरी येण्याआधी व्हायला हवी. बीसीजी किमान सहा महिने लांबवतात. युरोपच्या औषध नियामकाने इन्फ्लिक्सिमॅबसाठी तर बारा महिने सांगितले आहेत. नेमकी तारीख बालरोगतज्ज्ञ ठरवतील. प्रसूतीची तारीख जवळ आली की औषधाचं नाव, शेवटच्या डोसाची तारीख आणि ‘बाळाला बीसीजी व तोंडावाटे पोलिओ विचारल्याशिवाय देऊ नये’ ही ओळ संधिवाताच्या किंवा पोटाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायची आणि प्रसूतिगृहाच्या केसपेपरला लावायची. कावीळ बची जन्मतःची लस आणि पुढच्या बाकी निर्जीव लशी वेळच्या वेळी द्यायच्या.